खिशात बाळगायचं मल्टी-टूल: रोजच्या कामासाठी नेमकं कोणतं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, मनीषनगरला फ्लॅट, जाणं-येणं बाइकने, घरी आई-वडील आणि दोन कूलर. पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. रोज खिशात ठेवायला लेदरमन कंपनीचं पक्कडवालं, घडीचं मल्टी-टूल घ्यावं, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा लाल घडीचा चाकू घ्यावा, की इतवारीच्या बाजारात सातशे रुपयांत मिळणाऱ्या मल्टी-टूलने भागेल?

मी सव्वीस वर्षं दुरुस्तीच्या कामात आहे. सुरुवात हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्स खात्यात झाली. आता काही सोसायट्यांचे पंप, कूलर, दारं-खिडक्या आणि किरकोळ वायरिंग बघतो. या सगळ्या वर्षांत खिसा कधी रिकामा नव्हता आणि यातली तिन्ही प्रकारची हत्यारं मी वापरून झिजवली आहेत. म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. तुम्ही ९१ मिलिमीटरचा, कात्री आणि स्टार पेचकस दोन्ही असलेला स्विस चाकू खिशात ठेवा. व्हिक्टोरिनॉक्समध्ये त्याला सुपर टिंकर म्हणतात. आणि एक साधी, चांगली पक्कड बाइकच्या सीटखाली किंवा ऑफिसच्या बॅगेत टाका. पाच हजारांत दोन्ही बसायला हरकत नाही. पक्कडवालं मोठं मल्टी-टूल तुमच्यासाठी नाही. सातशेचं तर कुणासाठीच नाही.

आता हे मी कशावरून म्हणतो ते.

टिम लेदरमन नावाचा अमेरिकन तरुण १९७५ साली बायकोबरोबर युरोपात फिरत होता. गाडी जुनी फियाट, सारखी बिघडणारी. स्वस्तातल्या हॉटेलांचे नळही तसेच. खिशात चाकू होता, पण वेळोवेळी अडायचं ते पक्कडीवाचून. परत येऊन त्याने कागदाचे नमुने कापत सुरुवात केली आणि पहिलं हत्यार बाजारात आलं ते १९८३ साली. म्हणजे पक्कडीभोवती बांधलेलं मल्टी-टूल ही अशा माणसाची गरज होती, ज्याच्याजवळ दुसरं एकही हत्यार नाही आणि ज्याची गाडी रोज बंद पडते. तुमच्या घरापासून हार्डवेअरचं दुकान फार तर अर्ध्या किलोमीटरवर. घरात पान्ह्या-पेचकसांचा डबा असेलच, नसेल तर असावा. तेव्हा स्वतःला विचारा, घराबाहेर असताना एखादी गोष्ट दाबून धरायची, पिळायची, ओढायची वेळ तुमच्यावर आठवड्यातून किती वेळा येते?

हे अंदाजाने ठरवू नका. पंधरा दिवस मोबाइलमध्ये एक नोंद ठेवा. जेव्हा जेव्हा मनात येईल की आत्ता हाताशी अमुक असतं तर बरं झालं असतं, तेव्हा ते दोन शब्दांत लिहून ठेवा. पार्सल फोडायचं होतं. चष्म्याची दांडी ढिली झाली. बाबांच्या गोळ्यांची पट्टी कापायची होती. लॅपटॉपच्या चार्जरचा थ्री-पिन टॉप हलतोय. मी ज्या ज्या नोकरदार माणसांना हे करायला लावलं, त्यांच्या यादीत निम्म्याहून जास्त कामं कापायची निघाली, त्याखालोखाल पेचकसाची. पक्कड शेवटी कुठेतरी एखाददुसऱ्या ओळीत. पण ही यादी तुमचीच हवी. तिच्यात पक्कड वारंवार आली तर माझं वरचं उत्तर खोडून टाका आणि खाली मोठ्या हत्यारांबद्दल लिहिलंय ते वाचा.

वजनाचा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. लेदरमनचं वेव्ह प्लस २४१ ग्रॅमचं आहे, मिटल्यावर दहा सेंटीमीटर लांब. हे आकडे वाचताना काही वाटत नाही. पण एका खिशात मोबाइल आणि दुसऱ्या खिशात हे घेऊन ऑफिसच्या पातळ पँटमध्ये वर्धा रोडवरून बाइक चालवून बघा. बसलं की मांडीत रुततं, उभं राहिलं की पँट एका बाजूला ओढते. पहिला आठवडा कौतुकाने नेतात. दुसऱ्या आठवड्यात ते बॅगेत जातं, महिन्याभरात कपाटात. मी स्वतः कमरेच्या पट्ट्याला पाऊच लावून मोठं टूल वापरतो, कारण माझी पँट कामाची आहे आणि दिवसभर मी शिडीवर किंवा गच्चीवर असतो. तुम्हाला मीटिंगमध्ये बसायचंय. सुपर टिंकर शंभर ग्रॅमच्या आत असतो आणि रुमालाखाली विसरून जाता येतो.

आता तो चाकू नागपुरात काय कामाचा, हे एका प्रसंगातून सांगतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा झाले होते. मी एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो होतो, हत्यारांची पेटी गाडीत नव्हती. शेजारचे आजोबा दारात आले. "भाऊ, कूलर नुसती गरम हवा फेकून राह्यला, पंप चालूनच नाही राह्यला. जरा पाहता का?" मे महिन्यात नागपुरात रात्री कूलर बंद पडणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. ऐंशीच्या घरातली दोघं माणसं, खोलीत भिंती अजून तापलेल्या.

पहिलं काम, बटण बंद करून थांबलो नाही. प्लग सॉकेटमधून उपसून हातात घेतला. जुन्या वायरिंगमध्ये कित्येक घरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असतं. बटण बंद, पंखा थांबलेला, आणि तरीही आतल्या वायरला फेज जिवंत. त्यात कूलरची बॉडी पत्र्याची, खाली पाणी, माणूस अनवाणी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यातले कित्येक अपघात नुसता प्लग काढला असता तर टळले असते. हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि तुम्हालाही सांगतो.

मागची ताटी, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू भरलेली चौकट, काढली. पंप उचलून बघितला तर खालच्या जाळीवर पांढरा, खरखरीत खार चढलेला. जाळी चाकूच्या मोठ्या पात्याच्या पाठीने खरवडून सैल केली आणि काढली. आत पंपाच्या छोट्या पंख्याच्या दांड्याला ताटीतल्या वूडवूलचा एक लांब तंतू गुंडाळला गेला होता, दोऱ्याच्या रिळासारखा. बोटं आत जात नाहीत, पक्कडीचं तोंड तर नाहीच नाही. स्विस चाकूच्या बाजूला खोचलेला छोटा चिमटा काढला आणि तंतूचं टोक धरून उलट दिशेने सोडवत नेलं. सावकाश, कारण ओढलं तर प्लास्टिकचा पंखा तुटतो. दोन मिनिटांत तो बोटभर लांबीचा पुंजका बाहेर आला आणि पंखा बोट लावताच फुंकर घातल्यासारखा फिरायला लागला.

पंप सुरू झाला पण पाणी एकाच ताटीवर पडत होतं. पुन्हा प्लग काढला. वरच्या पाइपची छिद्रं खाराने बुजली होती. इथे कामाला आला तो चाकूच्या पाठीवरचा टोच्या. एकेका छिद्रात घालून अर्धा वळसा दिला की खाराची टिकली आत पडते. शेवटी पाइपची क्लिप सैल झाली होती, ती बाटली उघडायच्या पात्याच्या चपट्या टोकाने आवळली. सगळं मिळून वीस मिनिटं. आजींनी पहिल्यांदा ताटीवर हात ठेवून ती ओली होतेय का ते पाहिलं, मग खुर्ची कूलरसमोर ओढली.

या सगळ्या कामात पक्कड एकदाही लागली नाही. लागलं ते पातं, चिमटा, टोच्या आणि चपटा पेचकस. यातला टोच्या आणि पेचकस काही हल्लीचे नाहीत. व्हिक्टोरिनॉक्सच्या संस्थापकांनी, कार्ल एल्सनर यांनी, स्विस सैन्याला १८९१ साली जे पहिले चाकू पुरवले, त्यांत पातं, टोच्या, डबा उघडणारं आणि पेचकस एवढीच अवजारं होती. पेचकस अशासाठी की शिपायाला आपली रायफल खोलता यावी. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ही अवजारं टिकून आहेत, कारण रोजच्या आयुष्यात त्यांचीच गरज पडते.

सुपर टिंकरच का आणि दुसरा एखादा का नाही, तर स्टार पेचकसासाठी. आपल्याकडे बहुतेक घरगुती वस्तूंना, बाइकच्या साइड कव्हरला, बॅटरीच्या टर्मिनलला स्टार स्क्रू असतात, आणि त्यातही मधला म्हणजे दोन नंबरचा जास्त. व्हिक्टोरिनॉक्सच्या अनेक लोकप्रिय नमुन्यांमध्ये त्या जागी बुचाचा स्क्रू असतो, वाइनच्या बाटलीचा. तो तुमच्या कामाचा नाही. विकत घेताना दुकानदार "सगळे सारखेच" म्हणून तो हातात देईल, चाकू उलटा करून पाठ बघा. स्टार पेचकस मधोमध उघडतो, त्यामुळे हातात धरल्यावर टी अक्षरासारखा आकार होतो. पिळायला जोर उत्तम मिळतो, पण खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत पोचत नाही, कारण चाकूची बॉडी मध्ये येते. हा त्याचा खरा तोटा आहे आणि तो मान्य करून घ्यायचा. दुसरीकडे, डबा उघडायच्या पात्याचं बारीक टोक लहान स्टार स्क्रूमध्ये नीट बसतं. रिमोट, खेळणी, छोट्या चार्जरची झाकणं त्याने उघडतात. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

कात्रीबद्दल लोकांना वाटतं की चाकू असताना कात्री कशाला. वापरून बघा. गोळ्यांची पट्टी, दुधाची पिशवी, सर्जिकल टेप, उसवलेला दोरा, नख, केबल टायचं शेपूट. चाकू लोकांसमोर उघडायला संकोच वाटतो, कात्रीला नाही. ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात हा फरक खूप मोठा आहे.

यापेक्षाही हलकं हवं असेल तर ५८ मिलिमीटरचा क्लासिक एसडी आहे, २१ ग्रॅमचा, किल्लीच्या जुडग्यात बसतो. छोटं पातं, कात्री, कानशीवर चपटं टोक. माझ्या मुलीच्या पर्समध्ये तोच आहे. पण घरात कूलर असलेल्या माणसाला तो अपुरा पडेल.

आता सातशे रुपयांच्या मल्टी-टूलकडे वळतो. इतवारीतल्या लोहा ओळीत मी निम्मं आयुष्य खरेदी केली आहे. तिथे कानस, ड्रिल बिट, पान्हे यांत उत्तम माल मिळतो आणि दुकानदार मालाची पारख असलेले आहेत. पण घडीचं मल्टी-टूल ही वेगळी वस्तू आहे. त्यात दहा-बारा सांधे असतात आणि प्रत्येक सांधा नीट बसलेला असावा लागतो. स्वस्तात ते होत नाही.

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर आडवा वण आहे. तेरा वर्षांपूर्वी असंच एक स्वस्त टूल मी एका प्रदर्शनातून घेतलं होतं. चमक छान, पाऊच छान, खटके आवाज करत बसायचे. गच्चीवर प्लास्टिकचा पाइप कापत होतो. पातं पाइपमध्ये अडकलं, मी मनगट थोडं वळवलं, आणि खटका सुटून पातं बोटावर मिटलं. तीन टाके. नंतर घरी येऊन भिंगाखाली पाहिलं, तर पात्याला अडवणारी पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाला पूर्ण टेकतच नव्हती, जेमतेम कडेला लागत होती. सरळ जोरात ती टिकायची, पिळल्यावर घसरायची. तेव्हापासून मी कुणाच्याही हातातलं नवं टूल आधी तिथे बघतो. पातं उघडायचं, लॉकची पट्टी कुठपर्यंत आली ते बघायचं, मग धार स्वतःपासून दूर धरून पात्याच्या पाठीवर टेबलाच्या कडेने हलकेच ठोकायचं. सुटलं तर परत द्यायचं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मी ज्याची शिफारस केली त्या सुपर टिंकरच्या पात्याला लॉक नाहीच, फक्त पाठीची स्प्रिंग आहे. पण ते तुम्हाला उघड माहीत असतं, म्हणून तुम्ही तसंच वापरता. जोर नेहमी धारेच्या दिशेने द्यायचा. टोक खुपसून पुढे ढकलायचं नाही. खोटा भरवसा देणारं लॉक हे लॉक नसण्यापेक्षा धोक्याचं असतं.

दुकानात आणखी काय बघायचं? पक्कडीचं तोंड मिटून उजेडाकडे धरा. टोकं जुळली पाहिजेत आणि मध्ये मासळीच्या पोटासारखी फट दिसली तरी ती सारखी असावी. टोकात वर्तमानपत्राचा एक कपटा धरून ओढा, सुटता कामा नये. मग दोन्ही जबडे आडवे हलवून बघा, डगडग असेल तर बारीक वायर त्यात कधीच धरली जाणार नाही. मुठीत घट्ट दाबा. हँडलच्या कडा तळहाताला कापतात का? बऱ्याच टूलमध्ये दाबताना पत्र्याच्या धारदार कडा हातातच येतात. चपट्या पेचकसाचं टोक बघा, कोपरे काटकोनात हवेत, गोल घासलेले असतील तर ते स्क्रूची खाच खाऊन टाकेल.

चुंबकाची एक गैरसमजूत बाजारात फार पसरली आहे. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, "पाहा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस." पात्यासाठी हे बरोबर उलटं आहे. जे स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, ते भांड्यांचं स्टेनलेस. ते सहजासहजी गंजत नाही हे खरं, पण तापवून-विझवून त्याला कडकपणा देता येत नाही, म्हणून त्याची धार दोन दिवसांत बसते. चाकूचं चांगलं स्टेनलेस कडक केलेलं असतं आणि चुंबकाला चिकटतं. लेदरमनच्या बऱ्याच टूलमधलं ४२० एचसी हे पोलाद चिकटतं, व्हिक्टोरिनॉक्सचंही चिकटतं. चिकटलं म्हणजे चांगलंच असं नाही, पण पातं चिकटत नसेल तर ते घेऊच नका.

आता मोठ्या हत्यारांबद्दल, ज्यांच्या यादीत पक्कड खरंच वारंवार आली त्यांच्यासाठी. एसीचे मेकॅनिक, केबल आणि इंटरनेट ओढणारी मुलं, काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असलेले शेतकरी. ठिबकच्या नळ्या, मोटरच्या पेटीतल्या वायरी, कुंपणाची तार, सगळं एका फेरीत बघायचं असतं आणि घरापासून दोन-तीन किलोमीटर आत. अशा माणसाला पक्कडवालं टूलच हवं आणि त्यात पैसे वाचवू नयेत.

लेदरमनच्या वेव्ह प्लसमध्ये तार कापायची पाती बदलता येतात. हे फार महत्त्वाचं आहे, कारण तांब्याची वायर कितीही कापा, पण कुणीतरी एकदा कडक स्प्रिंगची तार कापली की पात्याला खाच पडते आणि कायमची राहते. दोन्ही चाकू बाहेरून, टूल न उघडता, एका हाताने निघतात. शिडीवर दुसरा हात गुंतलेला असताना याची किंमत कळते. त्याचा तोटा म्हणजे पेचकसाचे बिट, म्हणजे बदलता येणारी टोकं, चपटे आणि लेदरमनच्या स्वतःच्या मापाचे असतात. बाजारातले षटकोनी पाव इंची बिट थेट बसत नाहीत, वेगळा एक्स्टेंडर, म्हणजे जोड-दांडा, घ्यावा लागतो. स्केलटूल १४२ ग्रॅमचं, एकच चाकू, पक्कड, बिट, बाटली उघडणी. हलकं हवं आणि पक्कडही हवी, अशांसाठी ते बरं, पण त्यात कात्री नाही आणि करवतही नाही.

व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट मला मनापासून आवडतं. कडा गोल केलेल्या, हातात रुतत नाही, प्रत्येक अवजार लॉक होतं आणि उघडताना खडखडाट नाही. पक्कडीचं टोक निमुळतं आहे, त्यामुळे अरुंद जागेत शिरतं. मात्र जोरात नट पिळायला ते निमुळतं टोक नाजूक पडतं. माझ्या पट्ट्याला सध्या हेच आहे. मुख्य म्हणजे पेचकस पूर्ण लांबीचा आहे, खोल भोकात पोचतो.

वेव्ह प्लस आणि स्पिरिट, दोन्ही आज दहा हजारांच्या वर जातात. लेदरमन २५ वर्षांची वॉरंटी देतं, व्हिक्टोरिनॉक्स घडणीतल्या दोषासाठी आयुष्यभराची. पण बिल नसेल तर भांडत बसावं लागतं, आणि अर्ध्या किमतीत कुणी विकत असेल तर ती बहुधा नक्कल असते. नावाची अक्षरं कोरलेली असणं हा काही पुरावा नव्हे. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई आपल्या उन्हाळ्यात उडून जाते.

यातलं कुठलंही टूल असो, विजेच्या कामाला ते नाही. हँडल उघडं पोलाद आहे. स्विस चाकूवरचं लाल प्लास्टिकही इन्सुलेशन नव्हे, कारण वरच्या आणि खालच्या कडेला स्प्रिंगचं धातू उघडंच असतं आणि अंगठा बरोबर तिथेच टेकतो. चालू लाइनवर काम करायचंच नसतं, पण घरात एक पक्कड आणि एक पेचकस १००० व्होल्टची खूण, म्हणजे दुहेरी त्रिकोण, असलेले ठेवावेत. आणि कुठलीही वायर धरण्याआधी टेस्टर. तो चार पैशांचा टेस्टर मल्टी-टूलबरोबर खिशात ठेवायची सवय लावा. आधी तो चालू असलेल्या सॉकेटवर लावून पेटतो का ते बघायचं, मग संशयाच्या वायरवर. मेलेला टेस्टर सगळीकडे "करंट नाही" म्हणतो.

बाइकच्या बॅटरीचंही असंच. गेल्या पावसाळ्यात बुटीबोरीकडून येताना माझी गाडी अचानक बंद झाली, सेल्फ नाही, हॉर्न नाही. साइड कव्हर उघडलं तर निगेटिव्ह टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊन वायर लोंबत होती आणि टोकावर पांढरी भुकटी जमलेली. चाकूने टोक खरवडलं, स्टार पेचकसाने आवळलं, गाडी सुरू. पण काम करताना लक्षात ठेवा, टर्मिनल काढायचं झालं तर आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हवर पोलादी टूल टेकलेलं असताना त्याचं दुसरं टोक चेसिसला लागलं तर ठिणगी उडते आणि टूलचं टोक वितळून खड्डा पडतो. सीटखाली जी पक्कड ठेवायला सांगितली ती रबराची मूठ असलेली घ्या. नाशिकच्या टापरियाची साधी कॉम्बिनेशन पक्कड घेतलीत तरी पुष्कळ आहे. जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळून ठेवा. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीतलं उघडं लोखंड हाताला चटका देतं, ते कापड तेव्हाही उपयोगी पडतं.

कायद्याबद्दल लोक घाबरून विचारतात. आर्म्स ॲक्ट १९५९ चा आहे आणि त्याचे सध्याचे नियम २०१६ चे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर ते शस्त्रांच्या यादीत येतं, घरगुती, शेतीच्या आणि कारखान्यातल्या वापरासाठी बनवलेली सोडून. मल्टी-टूलचं पातं साधारण तीन इंचांचं असतं. म्हणून परवान्याचा प्रश्न येत नाही. पण म्हणून ते कुठेही नेता येतं असंही नाही. हिवाळी अधिवेशनात, निवडणुकीत, मोठ्या मोर्चांच्या दिवसांत पोलिसांचे मनाईचे आदेश असतात, तेव्हा विधानभवनाच्या, संविधान चौकाच्या बाजूला जायचं असेल तर टूल घरी ठेवा. कोर्टात नेऊ नका. मेट्रोत तपासणी असते आणि धारदार वस्तू चालत नाहीत, त्यामुळे ज्या दिवशी बाइकऐवजी मेट्रोने जाणार त्या दिवशी खिसा रिकामा. तुमच्या ऑफिसच्या गेटवरच्या सिक्युरिटीला पहिल्याच दिवशी स्वतःहून दाखवा आणि विचारा. नको म्हणाले तर ते बाइकमध्येच राहील.

विमानात मल्टी-टूल केबिनमध्ये जात नाही. कितीही लहान असो, ते चेक-इनच्या बॅगेत टाका. मी एकदा घाईत विसरलो आणि वीस वर्षं सोबत असलेला चाकू एका विमानतळावर टोपलीत टाकून यावं लागलं. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून प्रवासाची बॅग भरताना आधी खिसे रिकामे करतो. तुमच्या कामात बेंगळुरू-हैदराबादच्या फेऱ्या असतील, तर ही सवय आजपासूनच लावा.

राहिली निगा. आपल्याकडे गंज पावसापेक्षा घामाने जास्त लागतो. घामात मीठ असतं आणि खिशातलं टूल एप्रिल ते जून रोज त्यात भिजतं. स्टेनलेस म्हणजे गंज न लागणारं नव्हे, उशिरा लागणारं. संत्रं किंवा लिंबू कापलं तर पातं लगेच धुऊन पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी करडे डाग दिसतात. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात सगळी पाती उघडून, मिटून, पुन्हा उघडून धुवा. उन्हाळ्यातली बारीक धूळ सांध्यात शिरून खरकागदासारखं काम करते, ती निघाली पाहिजे. उन्हात पूर्ण वाळवा, मग प्रत्येक सांध्यात एक थेंब शिलाई मशीनचं तेल. चाकूने फळंही कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा, ते खाण्याच्या वस्तूला चालतं. खोबरेल तेल मुळीच घालू नका. चोवीस अंशांखाली ते गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळी पारा दहाच्या आसपास असतो. टूल जाम होतं आणि लोकांना वाटतं बिघडलं.

धार लावायला फुटपाथवरच्या धारवाल्याकडे देऊ नका. त्याचं चाक भाजीच्या विळ्यासाठी ठीक, पण ते पातं इतकं तापवतं की पोलादाचा कडकपणा जातो, आणि एका बसणीत तीन वर्षांचं लोखंड खाऊन टाकतं. दोन बाजूंची एक साधी सहाण घ्या, खरखरीत आणि बारीक. पातं सहाणेवर झोपवा, पाठ साधारण पंधरा ते वीस अंश उचला, आणि सहाणेवरून पातळ पापुद्रा काढतोय अशा हाताने धार पुढे करून ढकला. दहा वेळा एका बाजूने, दहा वेळा दुसऱ्या. कोन कायम ठेवणं हेच सगळं कसब आहे. आधी धारेच्या कडेला मार्करने काळी रेघ मारा. दोन फेऱ्यांनी बघा, रेघ फक्त पाठीकडच्या अंगाला पुसली असेल तर पाठ थोडी आणखी उचला, फक्त धारेच्या अगदी कडेला पुसली असेल तर थोडी खाली घ्या. रेघ सारखी पुसली जायला लागली की कोन सापडला. धार आली का ते अंगठ्यावर पाहू नका. वर्तमानपत्राचा कागद एका हातात लोंबता धरा आणि कडेपासून खाली कापत न्या. कुठे अडकला तर पात्याचा तेवढाच भाग पुन्हा सहाणेवर घ्या.